म्यूगेल्न आणि लातूर: एक छोटी लाइन टिकली, एक गेली. फरक कुठं पडला?

गोलाईकर (लातूर)

राम राम मंडळी. वाचनालयात ‘छोटी लाइन’ या विषयावर चार फलक आणि हाताळून बघता येईल असं एक मॉडेल करायचंय. दोन फलक बार्शी लाइटचे, म्हणजे लातूर-कुर्डुवाडीकडच्या आपल्या जुन्या छोट्या रेल्वेचे, दोन जर्मनीत सॅक्सनी प्रांतातल्या म्यूगेल्न स्टेशनाचे. जोडी मुद्दाम लावलीय. त्यांचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ७५० मिलिमीटर, आपला ७६२. तिकडं बीट, इकडं कापूस आणि तूर. ते स्टेशन एकेकाळी युरोपातलं सगळ्यात मोठं नॅरोगेज स्टेशन म्हणून ओळखलं जायचं आणि आजही, थोड्या अंतरापुरती का होईना, तिथून छोटी गाडी सुटते. आपली मात्र रुळासकट गेली.

तीन ठिकाणी गाडं अडलंय. एका ठिकाणी वाचलं की म्यूगेल्नची छोटी लाइन १९३८ मध्येच मोठी केली. दुसरीकडं वाचलं की ती अजून चालू आहे. दोन्ही खरं कसं?

दुसरं म्हणजे, तिथल्या फोटोंत मोठ्या गेजची अख्खी मालवाघीण छोट्या गाडीच्या पाठीवर बसलेली दिसते. ती चढवत कशी, आणि तीच युक्ती कुर्डुवाडीला, जिथं आपली छोटी लाइन मोठीला मिळायची, का केली नाही? हमालांची पाठ वाचली असती.

तिसरं मॉडेल. नुसती सुबक आगगाडी नको. गेज अरुंद झाला की नेमकं काय बिघडतं ते पोरांना हातानं करून कळलं पाहिजे. सुतार हाताशी आहे, खर्च आटोपशीर हवा.

सांधेवाला (पूर्णा)

पहिला गुंता सोपा आहे. म्यूगेल्न दोन होती.

तुम्हाला हवं ते ओशात्सजवळचं. दुसरं ड्रेस्डेनच्या आग्नेयेला, एल्बेकाठी, पिर्नाजवळचं. त्या दुसऱ्या म्यूगेल्नहून १८९० मध्ये म्युग्लित्स नदीच्या खोऱ्यातून वर डोंगरात गाइझिंगपर्यंत ७५० ची लाइन गेली आणि १९२३ मध्ये ती आल्टेनबेर्गला पोचली. १९२७ च्या पुरानं खोरं धुऊन काढलं, रूळ वाहून गेले. पुढं नवे बोगदे काढून, वळणं सरळ करून १९३८-३९ मध्ये तिथं स्टँडर्ड गेज, म्हणजे तिकडची नेहमीची मोठी लाइन, टाकला. त्याआधीच, १९२० मध्ये, ते गाव हायडेनाउ या नव्या शहरात विलीन झालं होतं, म्हणून आज त्या नावाचं स्टेशन नकाशावर सापडत नाही. जुन्या कागदांत मात्र दोन्हीकडं ‘म्यूगेल्न’च लिहिलेलं, आणि तुमची १९३८ ची नोंद तिथली.

फोटो निवडताना एक खूण ध्यानात ठेवा. ओशात्सजवळच्या म्यूगेल्नला चहूकडून फक्त छोटी लाइनच आली. मोठ्या गेजचा रूळ त्या स्टेशनात नाहीच. त्यामुळं एकाच फोटोत छोटी गाडी आणि शेजारच्या रुळावर मोठी एक्सप्रेस दिसली तर तो फोटो हायडेनाउचा. मोठी वाघीण छोट्या गाडीवर स्वार झालेली दिसली तर नुसत्या तेवढ्यावर ठरवू नका, आणखी खुणा शोधा. जवळपास बोगदा किंवा उभा डोंगर दिसला तर ओशात्सजवळचं नव्हे. तिकडं सगळा सपाट शेतीचा मुलूख, आपल्या परभणी-मानवतसारखा.

रूळमापी (छत्रपती संभाजीनगर)

आता ओशात्सकडच्या म्यूगेल्नचा इतिहास, फलकावर मावेल एवढा.

लाइप्सिग ते ड्रेस्डेन ही जर्मनीतली पहिली लांब पल्ल्याची रेल्वे, १८३९ मध्ये पूर्ण झालेली. ओशात्स त्या मेन लाइनवर. म्यूगेल्न तिच्या दक्षिणेला सुमारे ११ किलोमीटर आत, ड्योल्नित्स नदीच्या खोऱ्यात. मोठी लाइन आत नेणं परवडत नव्हतं, म्हणून सॅक्सनीच्या सरकारी रेल्वेनं ७५० मिलिमीटरचा गेज धरला. त्यांची या गेजची पहिली लाइन १८८१ मध्ये दुसरीकडं सुरू झाली होती. इथं दक्षिणेकडून ड्योबेल्न ते म्यूगेल्न हा भाग नोव्हेंबर १८८४ मध्ये आणि पुढं ओशात्सपर्यंतचा जानेवारी १८८५ मध्ये खुला झाला. १८८८ मध्ये पश्चिमेला नाइखेनकडं फाटा गेला. म्हणजे चार वर्षांत तीन दिशांचं जंक्शन.

स्टेशन मोठं झालं ते प्रवाशांमुळं नाही. गाड्या जुळवायच्या, इंजिनं वळवायची, त्यांना पाणी-कोळसा द्यायचा, वाघिणी दिशेनुसार लावायच्या, दुरुस्ती करायची, हे सगळं एकाच ठिकाणी आलं म्हणून यार्ड फुगलं. आपल्या पूर्णा जंक्शनचं तेच. गाव केवढं, यार्ड केवढं!

१९०३ मध्ये नेबिट्शेनहून क्रोप्टेवित्सकडं एक छोटा मालफाटा काढला. केम्लित्सच्या चिनी मातीच्या खाणी त्याच बाजूला. तेव्हा तो फाटा किरकोळ वाटला असेल, पण शेवटी सगळी लाइन त्याच्याच जिवावर जगली. १९६० च्या दशकात पूर्व जर्मनीनं छोट्या लाइनी टप्प्याटप्प्यानं बंद करून वाहतूक रस्त्यावर न्यायचं ठरवलं. ड्योबेल्न आणि नाइखेन दोन्ही बाजू गेल्या. १९७५ मध्ये ओशात्स-म्यूगेल्न प्रवासी गाडीही थांबली. चिनी मातीच्या गाड्या मात्र चालूच राहिल्या. जर्मनी एक झाल्यावर १९९३ मध्ये ही लाइन ड्योल्नित्सबान या स्थानिक कंपनीकडं आली. माती २००१ मध्ये बंद झाली, पण तोवर शाळकरी पोरांची ने-आण पुन्हा रुळावर आली होती. आज नेमानं धावते ती पोरांची गाडी, आणि ठरावीक सुट्टीच्या दिवशी वाफेची. लोकांनी गाडीचं नाव ठेवलंय ‘विल्डर रॉबर्ट’, म्हणजे बेफाम रॉबर्ट. वेग बघितला तर नाव ठेवणारा गमत्याच म्हणायचा.

इंजिनांपैकी फलकावर एकच घ्या, ‘चार के’. खेम्नित्सच्या हार्टमान कारखान्यानं १८९२ ते १९२१ या काळात अशी ९६ बांधली. आठ चाकांचे दोन गट करून प्रत्येक गट स्वतंत्र वळणारा, म्हणून ५० मीटर त्रिज्येच्या वळणातही अडत नाही. वजन सुमारे २८ टन, चार धुऱ्यांवर (धुरी म्हणजे दोन चाकं जोडणारा आडवा दांडा). म्हणजे एका धुरीवर सात टन. हा आकडा जपून ठेवा, पुढं कामाला येतो.

आता पाठीवरची वाघीण. तिचे दोन प्रकार, आणि लोक ते एकच समजतात.

जुना प्रकार रोलबॉक. बॉक म्हणजे बुटकी, चार चाकांची छोट्या गेजची घोडी. वाघिणीच्या प्रत्येक धुरीखाली एक, म्हणजे दोन धुऱ्यांच्या वाघिणीला दोन. त्यासाठी यार्डात लांबट खड्डा करतात. खड्ड्याच्या तळाशी छोटा रूळ, वर दोन्ही काठांवर मोठा रूळ. वाघिणीच्या धुऱ्यांमधलं अंतर बघून घोड्या तळाशी लावून ठेवायच्या आणि वरून वाघीण हळूहळू ढकलायची. धुरी घोडीवर आली की घोडीचा काटा उचलून धुरीला अडकवायचा. मग वाघीण आणि घोडी बरोबरच पुढं सरकतात, वरचा आणि खालचा रूळ एकमेकांच्या जवळ येत जातात, आणि चाकं घोडीच्या खोबणीत बसली की भार आपोआप खाली जातो. क्रेन नाही, जॅक नाही. घोटाळा होतो तो अंतराचा. घोडी वीतभर मागंपुढं राहिली तर काटा धुरीला लागत नाही आणि वाघीण मागं घेऊन सगळं पहिल्यापासून. शिवाय घोडीला स्वतःचा ब्रेक सहसा नसायचा.

म्हणून १९०० नंतर रोलवागन आला, म्हणजे वाघीण वाहणारी बुटकी सपाट गाडी. हिला खड्डा लागत नाही, उतरंडीचा धक्का पुरतो. मोठा रूळ जिथं संपतो तिथं त्याच उंचीवर रोलवागनवरचे रूळ येतात. चार-पाच रोलवागन एकामागं एक लावून धक्क्याला पक्के अडकवायचे आणि वाघिणी एकेक करून आरपार ढकलायच्या. प्रत्येक चाकाला दोन्ही बाजूंनी लोखंडी अडसर, तो स्क्रूनं आवळायचा. वाघीण रोलवागनपेक्षा लांब, टोकं बाहेर येतात, त्यामुळं नेहमीची कपलिंग पोचत नाही. मधे लांबलचक लोखंडी दांडा घालावा लागतो. तो उचलताना बोटं चेंगरण्याची भीती, म्हणून एकानं उचलायचा नाही.

अडसर सैल राहिला तर पहिल्या ब्रेकला वाघीण सरकते. वरच्या वाघिणीची चाकं फिरतच नाहीत, तेव्हा तिच्या ब्रेकचा उपयोग शून्य. थांबवायचं काम सगळं खालच्याचं. जुन्या सॅक्सन गाड्यांना हेबरलाइनचा दोरीचा ब्रेक होता. गाडीच्या छपरांवरून इंजिनापर्यंत दोरी ताणलेली, ती ढिली पडली किंवा तुटली की ब्रेक लागायचा. युक्ती नामी, पण दोरी उंच वाघिणींवरून न्यायची म्हणजे डोकेदुखी. व्हॅक्यूम ब्रेक आला तेव्हा ती मिटली.

आणि सगळ्यात मोठी अडचण डोलण्याची. एक ढोबळ हिशेब देतो, गुरुत्वमध्याची उंची मी धरून घेतलीय. भरलेल्या वाघिणीचा गुरुत्वमध्य स्वतःच्या रुळापासून १.६ मीटर, रोलवागनची उंची ०.४, म्हणजे छोट्या रुळापासून २ मीटर. चाकं टेकतात त्या दोन बिंदूंत सुमारे ८०० मिलिमीटर, अर्धे ४००. गुणोत्तर ०.४ भागिले २, म्हणजे ०.२०; वजनाच्या एवढ्या पट आडवं बल आलं की गाडी उलथते. हीच वाघीण स्वतःच्या मोठ्या रुळावर असती तर ०.७५ भागिले १.६, म्हणजे ०.४७. आता ५० मीटरच्या वळणात ताशी ३० किलोमीटरला बाहेर फेकणारं बल वजनाच्या ०.१४ पट येतं. ०.२० पैकी ०.१४ तिथंच संपलं. एखादा रूळ खचलेला असला की गाडी आडवी. ताशी १५ ला तेच बल ०.०३५ वर येतं. मालगाडी रखडत का जायची ते या दोन आकड्यांत आहे.

बालाघाट ७६२ (धाराशिव)

रूळमापी सरांनी सात टन जपायला सांगितलेत, ते आता काढतो.

बार्शी लाइटचा सगळा डाव एका आकड्यावर उभा होता: एका धुरीवर ५ टन. इंजिन असो, डबा असो, वाघीण असो, कुठंच त्याहून जास्त नाही. हा हट्ट ही लाइन उभारणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरचा. तो आधी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरीला होता. कंपनी १८९५ मध्ये निघाली आणि बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी ही लाइन १८९७ मध्ये सुरू झाली. गाड्या इकडं पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथं चाचणीचा रूळ टाकून त्यानं त्या चालवून दाखवल्या. भार सगळीकडं सारखा वाटला की दर तीन फुटांना ३० पौंड वजनाचा हलका रूळ पुरतो, पूल हलके होतात, भराव कमी लागतो. इंजिनं किटसन कंपनीची, आठ चाकं जोडलेली, मागं चार चाकांचा आधार. वाघीण चार धुऱ्यांची, २५ फूट लांब, ७ फूट रुंद, पत्रा दाबून बनवलेल्या सांगाड्यावर. चार धुऱ्या म्हणजे भरलेली जास्तीत जास्त २० टन.

पुढं पंढरपूर १९०६, तडवळे १९०७, लातूर १९११, मिरज १९२७. एकूण २०२ मैल. लातूर तेव्हा निजामाच्या मुलखात, म्हणजे इंग्लंडात नोंदलेली कंपनी इंग्रजी हद्दीतून मुघलाईत माल आणायला शिरली होती. १ जानेवारी १९५४ ला सरकारनं ती ताब्यात घेतली.

आता तुमचा प्रश्न, कुर्डुवाडीला मोठी वाघीण छोटीवर का चढवली नाही? गणित करून बघा. आपली चार चाकी ब्रॉडगेज वाघीण भरून ३२ टनांपर्यंत जायची, १६ टन एका धुरीला. खाली सात टनांचा चार धुऱ्यांचा रोलवागन धरा. ३२ अधिक ७ झाले ३९, भागिले ४, म्हणजे जवळजवळ १० टन. रूळ सोसतो ५. सहा धुऱ्या लावल्या तरी साडेसहा. सॅक्सनीत स्टँडर्ड गेजची वाघीण भरून २५ टन धरली तर २५ अधिक ७, भागिले ४, म्हणजे ८ टन, आणि तिथला रूळ धुरीला सात-आठ टनांची इंजिनं आधीपासून सोसतच होता. थोडं बळकट केलं की जमलं. आपल्याकडं रूळ, स्लीपर, पूल सगळंच बदलावं लागलं असतं, आणि तेवढाच खर्च करायचा तर थेट ब्रॉडगेजच का नको?

कॅलथ्रॉपला ही युक्ती माहीत नव्हती असं मात्र फलकावर लिहू नका. त्याच माणसानं इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड ही २ फूट ६ इंची लाइन १९०४ मध्ये उभी केली, आणि तिथं मोठ्या गेजची वाघीण वाहणाऱ्या गाड्या वापरल्या. इंग्रजी वाघिणी लहान, म्हणून तिथं जमलं. ती लाइन १९३४ मध्येच बंद पडली ही गोष्ट वेगळी.

म्हणजे आपल्याकडं उरला मालबदल, एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरायचा. तो कागदावर स्वस्त दिसतो. छोटी वाघीण १५ टन माल घेते असं धरा, म्हणजे क्विंटलाची १५० पोती. मोठीत २२ टन, २२० पोती. दीड छोटीला एक मोठी. हा दीडच खातो! दोन छोट्या उतरवल्या की एक मोठी भरून ८० पोती उरतात. ती धक्क्यावर थांबतात, पावसात भिजतात, आकडीनं फाटतात, मोजणीत चार कमी भरतात. कापसाची गाठ १७० किलोची, तिला चार माणसं. आणि छोटी वाघीण रिकामी झाल्याशिवाय परत लातूरला जाणार नाही, तोवर इकडं गंज बाजारात माल पडून. ट्रक आडत्याच्या दारातून उचलतो आणि गिरणीच्या दारात टाकतो. मालगाडी ट्रकापुढं हरली ती वेगात कमी आणि या धक्क्यावर जास्त, असं माझं मत.

केम्लित्सच्या मातीचं उलट. चिनी मातीची किंमत तिच्या पांढरेपणात. मधेच फावड्यानं दुसऱ्या वाघिणीत भरली की धूळ, कोळसा, गंज मिसळतो. खाणीवर भरलेली वाघीण न उघडता कारखान्याच्या दारात गेली पाहिजे. म्हणून तिथं रोलवागनचा खटाटोप परवडला.

आता शेवटचा आकडा, फलकाला शोभेल असा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजहून लातूरला पाण्याची गाडी आली. पहिल्या खेपेला १० टाक्या, ५ लाख लिटर. पुढं ५० टाक्या, २५ लाख. रस्ता मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर, म्हणजे बार्शी लाइटचाच, पण आता ब्रॉडगेज. टाकी रिकामी २७ टन, पाणी ५० टन, चार धुऱ्या. एका धुरीवर सव्वाएकोणीस टन. टाकीत जागा याहून जास्त असते, पण ती तेलासाठी. पाणी जड, म्हणून काठोकाठ भरता येत नाही. हेच २५ लाख लिटर छोट्या लाइनीनं आणायचं तर १५ टनांच्या हिशेबानं १६७ वाघिणी लागल्या असत्या.

तीनगेजी (परळी वैजनाथ)

बालाघाट भाऊ, हिशेब चोख. एक भर घालतो. मराठवाड्यात दुखणं एकट्या नॅरोगेजचं नव्हतं. मनमाड-सिकंदराबाद १९०० च्या सुमारास मीटरगेज झाली, त्यामुळं जालना-परभणीचा माल मनमाडला उतरून चढायचा. परळीला विकाराबादकडून ब्रॉडगेज आणि परभणीकडून मीटरगेज. लातूरला नॅरोगेज. तीन गेज आणि तिघांचं एकमेकांशी पटत नाही. नकाशावर तीन रंगांत काढा, लोक फलकापाशी थांबतील.

आणि ‘गेज बदलला’ म्हणजे तेच रूळ रुंद केले असं लिहू नका. जुनी लाइन येडशीहून तडवळे-ढोकी-मुरुडकडं जायची, धाराशिव शहर बाजूला राहायचं. कुर्डुवाडी-लातूर ब्रॉडगेज २००८ पर्यंत पूर्ण झाली ती धाराशिवकडून वळवून. लातूर रोडची जोडणीही नवीनच. वर सांधेवाला काकांनी सांगितलेल्या हायडेनाउचंही तेच झालं: गेज बदलताना वाटच बदलली.

सुतारपक्षी (हिंगोली)

मॉडेलचं मी सांगतो. रूळमापी सरांचे ०.२० आणि ०.४७ पोरांच्या हातात द्यायचे तर चालती गाडी करू नका, कलणारी पाटी करा.

प्रमाण १ ला २०. १२ मिलिमीटरचा प्लाय, १.५ मीटर बाय ६० सेंटिमीटर. खाली दोन आडव्या पट्ट्या ठोका, नाहीतर पाटी मधे झोळ घेते आणि माप चुकतं. एका लांब बाजूला तीन बिजागऱ्या, म्हणजे दुसरी बाजू हातानं उचलता येईल. उचलायच्या बाजूला उभी पट्टी लावून सेंटिमीटरच्या खुणा करा.

पाटीवर रुळांच्या तीन सरळ जोड्या, पाटीच्या लांबीला समांतर, एकीपुढं एक अशा ४५-४५ सेंटिमीटरच्या. ६ मिलिमीटरचा चौकोनी बार पुरतो. आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत बार्शी लाइट ३८ मिलिमीटर, म्यूगेल्न ३७.५, स्टँडर्ड ७२. पहिल्या दोनांतला अर्धा मिलिमीटर करवतीच्या फटीतच जातो, दोन्ही ३८ केले तरी कुणी विचारणार नाही. वळण करायचा मोह टाळा. ५० मीटरचं वळण या प्रमाणात अडीच मीटर त्रिज्येचं होतं, बार वाकवताना हमखास मुरडतो, आणि कलवल्यावर जे दिसतं तेच वळणातही घडतं.

तीन वाघिणी करा. बार्शीची ३८ सेंटिमीटर लांब, १०७ मिलिमीटर रुंद. स्टँडर्डची ४५ लांब, १४० रुंद, अशा दोन. एक स्वतःच्या रुळावर, दुसरी २ सेंटिमीटर उंच रोलवागनवर. चाकं लाकडी चकत्यांची चालतील, फिरायला नकोतच.

खरी मेहनत गुरुत्वमध्य जागेवर आणण्यात. स्टँडर्ड वाघिणीचा तिच्या रुळापासून ८० मिलिमीटरवर हवा, बार्शीच्या वाघिणीचा ६५ धरा. वाघीण कुशीवर आडवी करून पेन्सिलीवर तोला. जिथं तोल साधतो ती रेषा म्हणजे गुरुत्वमध्याची उंची. कमी भरली तर लोखंडी नट वरच्या बाजूला आतून चिकटवा, जास्त भरली तर तळाला. वाळू नको, कलल्यावर सरकते.

आता पाटी उचला. रोलवागनवरची वाघीण सुमारे १२ सेंटिमीटरला पडते, बार्शीची १८ ला, स्टँडर्ड २५ ला. दोन सेंटिमीटर इकडंतिकडं होईल, काळजी नको. पण बहुतेकदा वाघीण पडायच्या आधी घसरते आणि सगळा खेळ फसतो. त्यासाठी बिजागरीकडच्या रुळाच्या बाहेरच्या कडेला ३ मिलिमीटर उंच पट्टी चिकटवा. चाक तिला अडतं आणि वाघीण उलथते. वाघीण रोलवागनला दोन स्क्रूनी पक्की करा, नाहीतर एकटी वाघीणच खाली येते. एक स्क्रू सैल ठेवून ‘अडसर सैल’ हाही प्रयोग दाखवता येईल. पाटीच्या पायथ्याशी जाड सतरंजी टाका, पहिल्याच दिवशी पन्नास वेळा पडझड होणार.

गोलाईकर (लातूर)

मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. फोटो पुन्हा चाळले. दोन हायडेनाउचे निघाले, काढून टाकले. एकच विचारतो. बार्शीची वाघीण १८ ला पडते आणि म्यूगेल्नची १२ ला, म्हणजे आपली गाडी जास्त सुरक्षित होती असं लिहायचं का?

रूळमापी (छत्रपती संभाजीनगर)

तसं लिहिलंत तर तुलना वाकडी होईल. म्यूगेल्नची स्वतःची नॅरोगेज वाघीण घेतली तर ती बार्शीच्या आसपासच पडेल. १२ ला पडतो तो परका पाहुणा, पाठीवर घेतलेला. पाटीखाली एवढंच लिहा: ‘छोटी वाघीण छोट्या रुळावर १८, मोठी वाघीण छोट्या रुळावर १२, मोठी मोठ्यावर २५.’ आणि शेजारी दोन ओळी: म्यूगेल्ननं १२ पत्करून हळू चालवलं आणि माल उतरवायचं टाळलं, कुर्डुवाडीनं १८ राखले आणि माल दोनदा उचलला.

सुतारपक्षी भाऊ, नट चिकटवायला फेविकॉल नको, एपॉक्सी सांगा. पन्नास पडझडींत फेविकॉल सुटेल.

सुतारपक्षी (हिंगोली)

बरोबर. एपॉक्सी लावून रात्रभर तसंच ठेवा, आणि सकाळी पेन्सिलीवर पुन्हा एकदा तोला. एपॉक्सीचं वजनही दोन-तीन मिलिमीटर हलवतं.